काठीचं काळं टोक

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीत एक मोठं तळं होतं आणि त्या तळ्याकाठी सात गावं होती. दोन गावांच्या मध्ये डोंगराचे कडे सरळ पाण्यात उतरलेले असल्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते होडीनेच. गावं वेगळी असली तरी तीन गोष्टी सातही गावांच्या सामाईक होत्या. एक ते तळं, दुसरा एक भलामोठा पितळी हंडा आणि तिसरी एक काठी.

दर वर्षी ज्येष्ठाच्या पौर्णिमेला एक गाव बाकीच्या सहा गावांना जेवायला बोलावत असे. हंडा होडीत घालून त्या गावाला पोचवला जाई. जेवणं झाली की सगळ्या पत्रावळी, पानांत टाकलेल्या अन्नासकट, एका खड्ड्यात टाकत. मग सात गावांचा मापाडी येई आणि त्या उष्ट्याच्या ढिगात काठी उभी करी. काठीच्या एका टोकापासून कमरेइतक्या उंचीवर लाल खूण होती. ढीग खुणेपर्यंत पोचला तर यजमान गाव मोठ्या मनाचं, आणि खाली राहिला तर कंजूस.

हे नुसतं नावापुरतं नव्हतं. ज्येष्ठात तळं आटलेलं असे आणि भाताची रोपं वाढवायला त्याचं पाणी पाळीपाळीने घ्यावं लागे. ज्याचा ढीग उंच, त्या यजमानाला त्या वर्षी पाण्याची पहिली पाळी मिळे. ढीग कमी भरला तर सातवी. आणि सातव्या पाळीला तळ्याच्या मोरीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, येई तो बहुतेक गाळच.

म्हणून पाहुण्यांनी पानात निम्मं टाकायचं आणि यजमानाने त्यावर आणखी वाढायचं, अशी रीत पडली होती. पान पुसून खाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर ‘तुम्ही आम्हाला उपाशी ठेवलंत’ म्हणण्यासारखं होतं.

एवढं अन्न आणायचं कुठून? ज्येष्ठात कोठारं रिकामी असत. मग लोक पेरणीसाठी राखलेलं वासाच्या तांदळाचं बी काढत. ते बी पेंढ्यात घट्ट बांधून माळ्यावर ठेवलेलं असे. त्या गाठोड्यांना मुडे म्हणत. यजमान गाव मुडे फोडून भात कांडी आणि शिजवी. जोडीला तळ्यातले मासे. त्या दिवसांत मासे गाभोळीने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, फुगलेले असत. पाऊस सुरू झाला की ओढ्यात चढून त्यांनी अंडी टाकायची. पण गाभोळीचं कालवण हा जेवणाचा मान समजला जाई.

जेवण थाटात होई आणि पहिल्या पाळीचं पाणीही मिळे. फक्त पेरायला बी उरत नसे. शेजारच्या गावांकडून उरलंसुरलं मागून आणावं लागे, ते विरळ उगवे आणि ते गाव वर्षभर अर्धपोटी राही. ‘यजमानपणाचं वर्ष म्हणजे उपासाचं वर्ष’ असं सगळे म्हणत, आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नसे.

एका वर्षी पाळी आली ती सगळ्यांत लहान गावाची. जेवणाचा कारभार गावातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाकडे द्यायचा, असा नियम होता. तो माणूस म्हणजे तिथले म्हातारे पंतोजी.

पंतोजींनी पुष्कळ वाचलं होतं आणि त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री वाटत नसे. घराची कडी लावून निघाले की वाटेवरून परत येऊन ती लागली आहे ना, हे ते पाहत. साधं पत्र लिहिलं तरी तीनदा वाचत. पाटलाने कारभाराचं पागोटं डोक्यावर ठेवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा चाचपून पाहिलं.

“पाटील, मला हे जमेल का?”

“न जमायला काय झालं? मुडे उतरवायचे, जाळी टाकायची आणि ठकूमावशीला चूल पेटवायला सांगायची. एवढंच तर काम.”

पंतोजी माळ्यावर चढले. मुडे हाताने चाचपले, एकदा मोजले, पुन्हा मोजले. ते खाली उतरले. मग म्हणाले, “पाटील, हे शिजवलं तर पेरायचं काय?”

“ते नंतर बघू. आधी पाणी तर मिळू दे!”

“पाण्यासाठी बी शिजवायचं, आणि मग त्या पाण्यात काय भिजवायचं?”

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. पण पाटलाने लगेच मान झटकली. “पंतोजी, तुम्ही फार विचार करता. सातवी पाळी आली तर पोरं काय गाळ खातील?”

पाटील म्हणतो ते खोटं नव्हतं. पंतोजींनी दोन दिवस विचार केला. एकदा वाटे, इतक्या पिढ्यांनी केलं ते काय उगीच? एकदा वाटे, इतक्या पिढ्या मोजायच्याच विसरल्या असतील तर? तिसऱ्या दिवशी ते ठकूमावशीकडे गेले.

ठकूमावशी गावची आचारीण. तोंडाने तिखट आणि हाताने सढळ.

“ठकूबाई, मुडे फोडायचे नाहीत आणि गाभोळीच्या माशांना हात लावायचा नाही. तरी चारशेच्या आसपास माणसं तृप्त झाली पाहिजेत. होईल?”

ठकूमावशीने त्यांच्याकडे पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं. “आणि हे सांगताना तुम्ही सारखे दाराकडे का बघताय?”

“कारण माझं चुकत असेल, असं मला अजूनही वाटतंय.”

“मग कशाला करता?”

“मुडे दोनदा मोजले म्हणून. त्यात माझी चूक नाही झाली.”

ठकूमावशी हसली. “फणस झाडांना लगडलेत. रायवळ आंबे पडून कुजतायत. नाचणी आहे, कुळीथ आहेत, जाडा तांदूळ थोडा आहे. तिखट मी घालीन. पण माणसं किती आणि खाणार किती, ते मला नेमकं सांगा. अंदाजाने रांधलं की फेकायलाच होतं.”

पंतोजींनी सहाही गावांना निरोप धाडला. जितकी माणसं येणार तितके चिंचोके पाठवावेत. मोठ्या माणसाला अख्खा आणि लहान मुलाला अर्धा.

सहाही गावांत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. “जेवायला बोलावतात की चिंचोके खेळायला?” तरी चिंचोके आले. एका पुरचुंडीत चिंचोक्यांबरोबर एक फणसाची आठळी निघाली. निरोप्या म्हणाला, “ही आमच्या गेनू पैलवानाची. चिंचोक्यात तो मावत नाही.”

पंतोजींनी ती आठळी पाच चिंचोक्यांएवढी धरली. मग शंका आली म्हणून सहा धरली.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून होड्या येऊ लागल्या. दुपारी मांडवात पंगती बसल्या. पानांवर फणसाची भाजी, नाचणीची गरम भाकरी, लसूण घालून केलेलं कुळथाचं पिठलं, आठळ्यांची उसळ, आंब्याचं रायतं आणि फणसाच्या रसात जाड्या तांदळाच्या कण्या भिजवून वाफवलेली पिवळीधमक सांदणं; प्यायला नाचणीची आंबील. ठकूमावशीने सगळं एकदम रांधलंच नव्हतं. एक घाणा संपत आला की दुसरा चुलीवर चढे, आणि बाकीचं पीठ, कुळीथ, फणस कोठीत तसेच.

वास सुटला होता, पण पानांत भाताचा ढीग नव्हता आणि गाभोळीही नव्हती. कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “लहान गाव, लहान डाव!”

पंतोजी पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, पण त्यावर इतकी खाडाखोड होती की अक्षरं लागेनात. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि हात जोडले.

“मंडळी, वाढणारे तुम्हाला थोडं थोडं वाढतील. दहा वेळा मागा, दहा वेळा वाढतील. कोणी उपाशी उठायचं नाही. फक्त एक विनंती आहे. पानात टाकू नका.”

“अहो, पान पुसून खाल्लं तर तुमचा अपमान होतो!” कोणीतरी म्हणालं.

“होऊ दे,” पंतोजी म्हणाले. “आज आमचा पोटभर अपमान करा.”

मग कोपऱ्यातून गेनू पैलवानाचा आवाज आला. त्याचं पान लख्ख झालं होतं.

“पंतोजी, हा घ्या, केला तुमचा अपमान! आता आणखी सहा सांदणं वाढा, पुन्हा करतो!”

सगळा मांडव हसला. मग जो तो आपलं पान दाखवू लागला. बायका म्हणू लागल्या, “ठकूमावशी, इकडे पिठलं! आमच्याकडून अजून अपमान व्हायचाय!” आंबील पिणारी पोरं वाटी उलटी करून दाखवत होती. कित्येक वर्षांत त्या लोकांनी जेवणाकडे लक्ष देऊन जेवण केलं नव्हतं. आधी टाकायचं किती, याचीच चिंता असे.

जेवणं झाली. पत्रावळी, फणसाची साल आणि आंब्याच्या कोयी खड्ड्यात गेल्या. मापाडी आला. तो पंतोजींपेक्षाही म्हातारा होता, अबोल आणि चोख. त्याने काठीचं लाल खुणेचं टोक खड्ड्यात उभं केलं. ढीग घोट्याच्या वर जेमतेम आला. लाल खूण कितीतरी वर, हवेत.

“निकाल उद्या सकाळी,” मापाडी एवढंच म्हणाला. पण निकाल काय, ते सगळ्यांना दिसलंच होतं.

पाटलाने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. “संपलं. सातवी पाळी. पंतोजी, गाळ खाऊ घालणार तुम्ही आम्हाला.”

पंतोजी माळ्यावर चढले आणि त्यांनी मुडे पुन्हा मोजले. सगळे होते. पण वाटायला हवं होतं तितकं बरं त्यांना वाटलं नाही. खाली येऊन ते म्हणाले, “पाटील, माझ्यामुळे झालं हे मी सभेत सांगेन. पण पुन्हा कारभार दिलात तर मी पुन्हा हेच करेन.”

पाहुणे होड्यांकडे निघाले, आणि तेवढ्यात वारा सुटला.

पाऊस नव्हता, ढगही नव्हते; नुसता वारा. पण असा, की तळ्याच्या लाटा काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर आपटू लागल्या. दोन होड्या उलटता उलटता वाचल्या. नावाडी म्हणाले, “हा वारा पडेपर्यंत कोणी पाण्यात जायचं नाही.”

चारशे माणसं लहानशा गावात अडकली. देवळात, शाळेत, ओसऱ्यांवर, गोठ्यांत, जागा मिळेल तिथे ती टेकली. सकाळ झाली तरी वारा तसाच. पोरं भुकेने किरकिर करू लागली.

सहा गावांचे पाटील एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. शेवटी एक जण म्हणाला, “गेल्या वर्षी आमच्याकडे असं झालं असतं तर? आमच्या घरात त्या दिवशी मूठभर दाणा नव्हता. सगळं खड्ड्यात होतं.”

इकडे ठकूमावशीने चुली पेटवल्या होत्या. कालच्या राहिलेल्या पिठाची आंबील सामाईक हंड्यात रटरटत होती. मापाडी तिच्याजवळ आला.

“ठकूबाई, वारा दोन दिवस राहील, तीनही राहील. हे पुरेल का?”

“मला काय विचारता? मापाडी तुम्ही. मापा की!”

मापाड्याने काठी उचलली आणि हंड्याकडे नेली. ठकूमावशी पळी घेऊन आडवी झाली.

“खबरदार! काल ते टोक उष्ट्याच्या खड्ड्यात होतं. माझ्या हंड्यात ते घालायचं नाही. धुवा, आणि दुसऱ्या टोकाने मापा.”

काठीचं दुसरं टोक हातभर काळं होतं. जुनी काठी आहे, उन्हापावसाने काळी पडली असेल, असं सगळे समजत. त्या काळ्या भागाच्या वरच्या कडेला एक झिजलेली खाच होती आणि तिच्याखाली बारीक बारीक रेघा. त्या कशासाठी, हे मापाड्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या आज्याने त्याला इतकंच सांगितलं होतं, की ही काठी कधी बदलू नकोस.

मापाड्याने काळं टोक धुतलं आणि हंड्यात सोडलं. ते तळाला टेकलं. आणि ती जुनी खाच हंड्याच्या काठाशी बरोबर जुळली. ना वर, ना खाली. काळा भाग संपत होता तिथेच हंड्याचं तोंडही संपत होतं.

मापाड्याने ती खाच बोटाने चाचपली. मग त्याने काठी वर काढली आणि आंबील कुठवर लागली आहे, ते पाहिलं. खालच्या एका रेघेशी ती नेमकी येऊन थांबली होती. त्याने ओल्या लाकडावर बोट ठेवलं, नाकाशी नेलं. मग काळ्या लाकडावर नख ओढलं. नखाला जुनी, करपलेली खरवड लागली.

“ही काठी खड्ड्याची नाहीच,” तो हळू म्हणाला. “ही या हंड्याची काठी आहे. लाल खूण नंतर कोणीतरी केली असणार.”

“अहो, पण पुरेल की नाही ते सांगा आधी!” ठकूमावशी म्हणाली.

“पुरेल,” मापाडी म्हणाला. “कोठीतलं पीठ आणि झाडावरचे फणस धरून तीन दिवस पुरेल.”

वारा दोन दिवस वाहिला. त्या दोन दिवसांत गेनू पैलवानाने फणस उतरवले, नावाड्यांनी आंबे वेचले, सहा गावांच्या बायका नाचणी दळायला बसल्या. गावाचे मुडे माळ्यावर होते तसेच राहिले. एकदा एका पाहुण्यानेच विचारलं, “फारच कमी पडलं तर ते काढाल का?” पंतोजी म्हणाले, “लेकरू उपाशी राहायची वेळ आली तर काढीन. त्याआधी नाही.” ती वेळ आली नाही.

तिसऱ्या सकाळी तळं शांत झालं आणि वाऱ्यामुळे लांबलेल्या निकालासाठी काठावर सभा भरली. मापाडी काठी घेऊन उभा राहिला.

“नियमाने पाहिलं तर ढीग कमी भरला,” तो म्हणाला. “आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं तर चारशे माणसं एका दिवसाच्या जेवणाला आली आणि तीन दिवस जेवली. कोणी उपाशी राहिलं असेल त्याने हात वर करावा.”

कोणाचा हात वर झाला नाही.

एका मोठ्या गावाचा पाटील कुरकुरला, “पण रीत ती रीत. आमच्या गावाने मुडे शिजवून पहिली पाळी घेतली होती. यांना एकही मुडा न फोडता मिळणार?”

“आणि त्या वर्षी आपल्याकडे काय उगवलं होतं, ते पण सांगा की, पाटील!” त्याच्याच गावाचा गेनू पैलवान म्हणाला. “मी त्या वर्षी इतका वाळलो होतो की मला खरोखरीच एका चिंचोक्यात मोजलं असतं.”

सगळे हसले, आणि तो पाटीलही खाली मान घालून हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, कारण त्या वर्षी त्याच्या घरीही चूल दोन वेळा पेटत नव्हती.

मापाड्याने कमरेचा कोयता काढला आणि काठीवरची लाल खूण तासून टाकली. पांढरं लाकूड उघडं पडलं. “पहिली पाळी या गावाची,” तो म्हणाला. “आणि पुढच्या वर्षीपासून मी आधी माळ्यावर जाईन, मुडे शाबूत आहेत का ते पाहीन, आणि मग हंडा मापीन. खड्ड्यात काठी जाणार नाही.”

होड्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी लहान गावाने मोरी उघडली, मुडे खाली उतरवले आणि स्वतःचं बी स्वतःच्या वाफ्यांत पेरलं. आठवड्याभरात वाफे असे दाट हिरवे झाले की यजमानपणाच्या वर्षी असं कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि पाऊस आल्यावर ओढ्यांत मासे इतके चढले की पोरं पाण्यात पाय टाकायला कचरू लागली.

पंतोजी एकदा वाफ्यांच्या बांधावर उभे होते. ठकूमावशी तिथून चालली होती.

“ठकूबाई, माझं कुठे चुकलं तर नाही ना?”

“चुकलं की.”

पंतोजींचा चेहरा उतरला. “काय चुकलं?”

“पैलवानाच्या आठळीचे तुम्ही सहा चिंचोके धरलेत,” ठकूमावशी म्हणाली. “आठ धरायला हवे होते. शेवटच्या दिवशी माझ्या वाट्याचं सांदणही त्याने खाल्लं.”

पंतोजींनी खिशातून कागद काढला, ‘गेनू पैलवान : आठ’ असं त्यावर लिहिलं, तीनदा वाचलं आणि घरी जायला निघाले. थोडं पुढे गेल्यावर ते थांबले, वळले आणि बांधावरून वाफे पुन्हा एकदा पाहून आले.

तात्पर्य: चार माणसांना जेवायला बोलावताना आज पंगतीला बसणाऱ्यांची तोंडं नीट मोजावीत, आणि उद्या याच मातीवर व याच पाण्यावर जेवणाऱ्यांचीही; दोघांना पुरेल तोच खरा पाहुणचार.